पहिल्या बाकाच्या पलीकडे

कॉड मासा आजचा आहे की कालचा, असं कोणीतरी मागून विचारलं आणि केझिया लंटच्या दोन्ही मुठी आपोआप आवळल्या गेल्या. हातात टोपलीची कड होती म्हणून बरं, नाहीतर मासेवालीने तिला वेड्यात काढलं असतं. प्रश्न अगदी साधा होता. बाजारात जो तो सकाळपासून तेच विचारत होता. आवाज म्हातारा, मऊ, थोडा बसलेला. पण 'कालचा' म्हणण्याआधी तो किंचित थांबला होता, जसा एखादा माणूस दारात थांबून आत डोकावतो, आणि तेवढ्या थांबण्याने तिच्या पायांखालून बॉस्टनचे दगड सरकले. गोदीकडून येणारा डांबराचा वास, मार्चमधलं पातळ ऊन, कोपऱ्यावर उगाच उभे असलेले दोन लाल डगल्यातले इंग्रज शिपाई, हे सगळं जागच्या जागी राहिलं आणि ती मात्र लहानपणच्या हॅडलो गावात, प्रार्थनेच्या सभाघरात, बायकांच्या बाजूला आईच्या मांडीला मांडी लावून बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. आईच्या पायाशी निखाऱ्यांची पेटी होती आणि तिच्या झग्याच्या कडेला लोकर भाजल्याचा बारीक वास येत होता. आजही कुठे लोकर भाजली की केझिया उठून दाराबाहेर जाऊन उभी राहते. तिचा नवरा ईनक जहाजांची शिडं शिवतो. त्याला याचं कारण कधी कळलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. काय सांगणार? की लहानपणी एक उपदेश ऐकला होता?

तो उपदेशक तेव्हा पोरसवदा होता. इथामार ड्वेली त्याचं नाव. गावोगाव फिरायचा. हॅडलोचे म्हातारे पाळक घसा धरल्यामुळे झोपून होते, म्हणून त्यांच्या जागी एका रविवारपुरता आला. लोकांनी ऐकलं होतं की असले फिरते उपदेशक ओरडतात, मुठी आपटतात, आणि गाव तमाशा बघायला बसावं तसं सावरून बसलं होतं. तसलं काहीच झालं नाही. तो हललासुद्धा नाही. कोपरं टेकून, कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलावं तसं त्याने विचारलं की आज सकाळी पाणी कोणी काढलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. केझियाने हात वर करायचाच बाकी ठेवला होता, कारण त्यांच्या घरचं पाणी तीच काढायची. मग त्याने विचारलं, दोर नीट पाहिलात का? पोहऱ्याच्या कडीपाशी पाहिलात का? रहाटावर घासून जिथे तो केसाळ होतो तिथे? आदल्या संध्याकाळी तो गावात आला तेव्हा त्यांच्याच विहिरीवर पाणी प्यायला होता, हे तिला आठवलं. म्हणजे तो त्यांच्याच दोराबद्दल बोलत होता. सगळ्या सभाघरातून फक्त त्यांच्या. इथवर तो सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत होता. पुढच्या वाक्याला 'तू' झाला, आणि तो कधी झाला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"तू पोहऱ्यात बसला आहेस," तो म्हणाला. "वर गोल उजेड दिसतो म्हणून तुला वाटतं आपण अंगणातच आहोत. तू गाणं म्हणतोस. बायकोशी भांडतोस. गाय ठेवावी की विकावी याचा विचार करतोस. आणि वर दोराचा एक पीळ सुटतो. ऐकलास?" तो थांबला. "नाही ऐकलास. फार बारीक असतो तो आवाज."

नंतर तो आणखी हळू बोलू लागला, आणि माणसं ऐकण्यासाठी पुढे झुकली. त्या झुकण्यातच सगळी सापडली, असं केझियाला पुढे मोठेपणी वाटत राहिलं. ओरडणाऱ्या माणसापासून मागे सरता येतं. हळू बोलणाऱ्याकडे आपणच चालत जातो. रहाटावर ज्याचा हात आहे त्याला तू रोज सकाळी विसरतोस, तो म्हणाला. तरी त्याने हात काढलेला नाही. का नाही काढला, ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे? पहिला हुंदका पुरुषांच्या बाजूने आला, तोही गावच्या लोहाराचा. मग एकेक करून सगळं सभाघर फुटलं. लेकरांना पुरतानाही ज्यांचे डोळे कोरडे राहिले होते ते बाबा, जेबेझ फ्रेअरी, समोरच्या बाकाच्या पाठीला कपाळ लावून ढसाढसा रडत होते. आणि त्या गदारोळात ड्वेलीने प्रथमच मान वर केली, बायकांच्या बाजूला सरळ पाहिलं आणि म्हणाला की इथे एक जण अशी आहे जिचा दोर आज तुटत आलाय, आणि ती कोण ते तिचं तिला माहीत आहे. केझियाला बाजूला आईची मांडी दगडासारखी झालेली कळली. तो आईकडे पाहत होता. नजर हलत नव्हती.

"बाई," मासळीबाजारातला आवाज आता तिच्या कानाशी आला, "जरा मदत करता का? सभाघर कुठल्या बाजूला? गुरुवारचं व्याख्यान आहे आणि मला या गर्दीत काही दिसत नाही."

तिने मान वळवली. काळा डगला, कोपरांवर विरलेला. चेहरा सुकलेला, दाढीची खुंटं पांढरी, डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखी. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला मासा होता आणि तो त्याने असा धरला होता की जणू कोणी घेईल म्हणून वाट पाहत होता. एवढासा माणूस. केझियाच्या मनात जो होता तो छताला टेकणारा होता. चला, मीही तिकडेच निघालेय, ती म्हणाली, आणि आपला दंड पुढे केला. त्याची बोटं तिच्या बाहीवर टेकली. हलकी होती, पाखरासारखी. ती याच माणसाचे आभार मानायचे म्हणून कितीदा मनात वाक्यं जुळवत आली होती, भाकरी भाजताना, लेकरांना न्हाऊ घालताना, आईच्या उशाशी बसलेली असताना; आणि आता तो तीन गल्ल्यांपुरता तिच्या दंडाशी होता आणि तिला एक शब्द सुचत नव्हता.

कारण आभार कशाचे, हे सांगायचं तर आधी ते सगळं सांगावं लागलं असतं. त्या रविवारनंतर केझियाला दोराला हात लावता येईना. लावला की पीळ सुटल्याचा आवाज यायचा, खरोखर यायचा, दाताखाली केस आल्यासारखा. पण ती लहान होती. रडून, बाबांचा मार खाऊन, डोळे मिटून तिने पाणी काढलं. आईचं तसं झालं नाही. हुल्डा फ्रेअरी म्हणजे दिवसभर तोंड चालू असणारी बाई, कोंबड्यांशीही वाद घालणारी, ती गप्प झाली. आधी गप्प, मग जेवेना, मग पाळण्यातलं पोर रडलं तरी उठेना. केझिया फडकं दुधात भिजवून त्या पोराला चोखायला द्यायची. शेजारणी येत, आईकडे पाहत आणि समाधानाने जात. चांगलं लक्षण आहे म्हणत. पाप टोचायला लागलं की कृपा जवळ आलीच समजा. बाबा रोज प्रार्थना वाढवत गेले. आई ओठ हलवायची. तिला खात्री पटली होती की देवाने त्या माणसाच्या डोळ्यांतून सगळ्या गावातून तिला एकटीला वेचून काढलं. आणि मग एका सकाळी, पहिला बर्फ पडून गेल्यावर, केझिया पाणी काढायला गेली तर आई आधीच तिथे होती. अनवाणी. एक पाय विहिरीच्या काठावर, दोन्ही हातांनी दोर धरलेला, आणि ती तो ओढून पाहत होती. केझियाने तिचा झगा पाठीमागून धरला. आईने वळूनही पाहिलं नाही.

"बघ की," आई म्हणाली, "अजून तुटत नाही."

हे वाक्य केझियाने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिने आईला घरात नेलं, पाय पुसले, पोर तिच्या मांडीवर ठेवलं, शेजारणीला बोलावून बसवलं आणि बाबांनाही न सांगता चालत सुटली. ड्वेली टेकडीपलीकडच्या गावात उपदेश करतोय हे ठाऊक होतं. ती पोचली तेव्हा तो एका घरी जेवत होता, भोवती गावातली मोठी माणसं, आणि सगळे त्याच्या आवाजाचं कौतुक करत होते. तिने दारातूनच सांगितलं की तुम्ही माझ्या आईला जे म्हणालात ते परत घ्या. कोणीतरी हसलं. कोणीतरी, पोरी, तो शब्द देवाचा, त्याचा नव्हे, असं समजावू लागलं. ड्वेलीने हातातला घास ताटात ठेवला. तिला आठवतं, तो एकदम पोरासारखा दिसला, पकडला गेलेल्या पोरासारखा. त्याचा घोडा लंगडत होता. तो तिच्याबरोबर पायी निघाला, बुटात बर्फ जात असताना, आणि वाटेत एकही उपदेश केला नाही.

आईसमोर मात्र त्याने केला. स्वयंपाकघरात, चुलीपाशी, एकट्या बाईसाठी. आणि तो फसला. केझिया पोर कडेवर घेऊन ऐकत होती, आणि एवढ्या लहान वयातही तिला कळत होतं की हे चालत नाहीये. तो मेंढपाळाबद्दल बोलला, खडकाबद्दल बोलला, वाळवंटातल्या सावलीबद्दल, पंखांखाली घेणाऱ्याबद्दल. सगळं पवित्र, सगळं खरं. पण हॅडलोत कुठलं वाळवंट? भीती त्याने त्यांच्या अंगणातून उचलली होती आणि दिलासा आणला होता ग्रंथातून. तो अंगणातला दिलासा शोधायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्याचे शब्द संपले. तो तिथेच बसून राहिला. ओले बूट काढायचंही त्याला सुचलं नाही. बाबा आत-बाहेर करत होते. बराच वेळ गेला, पोर झोपलं, आणि आईने त्या सगळ्या दिवसांतला पहिला प्रश्न विचारला. तुम्ही माझ्याकडेच का पाहिलंत?

त्याने तिच्याकडे न कळून बघितलं. मग म्हणाला, "बाई, मला पहिल्या बाकाच्या पलीकडचं दिसत नाही. लहानपणापासून नाही. मी मान वर करतो तेव्हा नुसतं धुकं असतं."

आईने त्याचे डोळे निरखून पाहिले. नंतर उठली, चुलीत लाकूड सारलं, मटणाचं पाणी गरम केलं आणि त्याच्यासमोर वाडगा ठेवून पाठ फिरवली. तो ते तळापर्यंत प्यायला. दिवस मावळायच्या आत त्याला पुढच्या गावी पोचायचं होतं. निघताना त्याने दारात काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि आईची पाठच दिसली म्हणून तसाच गेला.

"तुम्ही मुळच्या बॉस्टनच्याच का?" म्हाताऱ्याने विचारलं. ते आता बाजाराच्या टोकाला आले होते. पिंपं रचून ठेवलेली होती, त्यांच्या कडेने वाट काढावी लागत होती. केझियाने सांगितलं की नाही, लग्न होऊन आले. माहेर आत, नदीच्या खोऱ्यात. हॅडलोचं. त्याची बोटं तिच्या बाहीवरून निघाली. तो उभा राहिला. मागून हातगाडीवाला कावून ओरडला की रस्ता काय बापाचा आहे का, तेव्हा तिने त्याला धरून बाजूला घेतलं.

"हॅडलोच्या," तो म्हणाला. "मग तुम्हाला ठाऊक असेल. लहान असाल तेव्हा, पण घरात बोलले असतील. तिथे एक बाई विहिरीत गेली. ती माझ्यामुळे गेली."

तो सांगत गेला, रस्त्याकडे तोंड करून, मासा छातीशी धरून. एका बाईच्या घरी तो एक दिवस बसला होता, तिला समजावता आलं नाही. पुढच्या मुक्कामी खानावळीत कोणी म्हणालं की हॅडलोची ती बाई अखेर विहिरीवर गेली. त्याने पुढे ऐकलं नाही. उठून बाहेर आला. पुन्हा त्या खोऱ्यात पाऊल टाकलं नाही. वर उत्तरेला, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीत पाळक म्हणून राहिला. तिथे दुसऱ्यांचे छापील उपदेश, कागद नाकाशी धरून, वाचून दाखवतो. लोक झोपतात, त्याला बरं वाटतं. आजचं व्याख्यान ज्यांचं होतं ते आजारी पडले, तो औषधासाठी शहरात आला होता, म्हणून गळ्यात पडलं. त्याने लग्न केलं नाही. पाणी दुसऱ्याने काढलेलं पितो. हे शेवटचं त्याने सांगितलं तेव्हा त्याला थोडं हसू आलं, लाजल्यासारखं.

केझियाला वाटलं होतं की ओठांपर्यंत आभाराचे शब्द येतील, पण आलं ते काही वेगळंच. बरं झालं, असं तिच्यातलं कोणीतरी म्हणालं. अनवाणी बर्फात उभ्या असलेल्या आईमागचं ते पोर म्हणालं. वाहू दे त्याला हे ओझं. मग त्याहून वाईट विचार आला, अगदी शांतपणे, व्यवहारी बाईचा. हा माणूस मोकळा झाला तर तो आवाजही मोकळा होईल. आता, थोड्या वेळात, तो व्यासपीठावर चढेल, आणि खाली कुठल्यातरी बाकावर कोणीतरी हुल्डा बसलेली असेलच. प्रत्येक गावात असते. भीतीने वळलेली माणसंही तिने पाहिली होती. तो लोहार पुन्हा दारूला शिवला नाही, आणि त्याची बायको मरेपर्यंत ड्वेलीला दुवा देत होती. म्हणजे तो उपदेश खोटा नव्हता. कोणाच्याही आयुष्याचा दोर विरतोच, ते तिला आता आईपेक्षाही जास्त कळत होतं. मग तिला राग कशाचा होता? आणि इतकी वर्षं उन्हासारखी जी ऊब मनात साठत आली होती, ती कशाची? ती त्याच्या बुटांकडे पाहत होती. तेच ते बूट नव्हते, कसे असतील. पण तो त्या दिवशी घास टाकून उठला होता. भोवती एवढी माणसं वाहवा करत होती, एक पोर दारात उभं राहून उद्धटासारखं बोललं होतं, आणि तो उठला होता. ज्याने भीती घातली तो भीतीमागोमाग घरी आला होता, आणि शब्द संपल्यावरही बसून राहिला होता. तिच्या आयुष्यात नंतर जी जी माणसं तिच्यासाठी उठून आली, ईनक, सुईण, वादळात शेजारी, त्या सगळ्यांना तिने ओळखलं ते या पहिल्यामुळे.

"ती मेली नाही," केझिया म्हणाली.

"कोण?"

"माझी आई. हुल्डा. तुम्ही जिच्या चुलीपाशी बसला होतात ती. विहिरीवर ती आधी गेली होती, मी तुम्हाला बोलवायला आले त्याच्या आधी, आणि मी तिला धरलं होतं. तेच लोक पुढे सांगत गेले असतील. तुम्ही दाराबाहेर पडलात आणि तिने भांड्यात उरलेलं उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मग मला म्हणाली, केझिया, मीठ कमी पडलं गं. पाहुण्याला अळणी दिलं."

म्हाताऱ्याने पिंपावर हात टेकला. तिने त्याच्या हातातला मासा काढून आपल्या टोपलीत ठेवला आणि त्याला एका आडव्या पिंपावर बसवलं, शेजारी आपण बसली. मग त्याने एकेक करून अगदी बारीकसारीक गोष्टी विचारल्या. पाळण्यातलं पोर जगलं का. जगलं, त्याची आता स्वतःची गिरणी आहे. तिला पुढे आणखी मुलं झाली का. झाली. ती सभाघरात यायची का. यायची, आणि नव्या उपदेशकाने मान वर केली की शेजारणीला कोपराने ढोसायची. मेली कशी. म्हातारी होऊन, मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात, अंथरुणात, शेवटपर्यंत सगळ्यांना हुकूम सोडत. आणि माझ्याबद्दल, त्याने विचारलं, आणि पुढचं विचारलं नाही.

केझियाने सांगितलं. आई ती गोष्ट आल्यागेल्याला सांगायची. देवाने बोट दाखवायला माणूस निवडला, तोही आंधळा, असं म्हणून हसायची. आणि हसून झालं की म्हणायची, पण आला हो. बर्फातून चालत आला. असा दुसरा एकही माणूस नाही बघा, की ज्याने मला घाबरवलं आणि मग बघायला आला.

दूर घंटा वाजायची थांबली. म्हणजे लोक आत बसले. म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता, आणि त्याच्या साय आलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते त्याला कळत नसावं, कारण तो पुसत नव्हता. केझियाला त्याची अजिबात भीती वाटली नाही, आणि हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला हलकं वाटलं, अंगातला ताप उतरल्यावर वाटतं तसं.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "आज आत जाऊन काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. भीती घालावीशी वाटली तर घाला. पण मग त्यांच्या घरी जा."

त्याने मान हलवली. सभाघराचा चाकर, एक लठ्ठ, धापा टाकणारा माणूस, गल्लीतून शोधत आला. सगळे खोळंबलेत, तो म्हणाला, पाळकसाहेबांना बरं नाही का, दुसऱ्या कोणाला उभं करायचं का.

"बरा आहे म्हणावं," म्हाताऱ्याने सांगितलं. "त्यांना तेवढंच सांग. मी बरा आहे, नुसता उशीर झालाय."

चाकर केझियाकडे पाहून, खांदे उडवून गेला. म्हातारा जागचा हलला नाही. त्याने तिच्याकडे, तिचा आवाज जिथून येत होता तिथे, तोंड केलं.

"कशी हसायची?" त्याने विचारलं.

आणि केझिया लंटने भर मासळीबाजारात, टोपली मांडीवर घेऊन, आईसारखं हसून दाखवलं.